डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल: हा भेद नेमका कशासाठी?

आडवाटेचा प्रवासी · शनिवार, रात्री ९:५२

मुलगी बारावी सायन्सला आहे, जोडीला नीटचा क्लास. परवा डीएनए-आरएनएचा धडा संपला. वहीत फरकांचा तक्ता आहे: डीएनएत डीऑक्सिरायबोज साखर, आरएनएत रायबोज; डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल; डीएनएला दोन पेड, आरएनएला एक. तक्ता तिला झोपेतही म्हणता येतो. तिने क्लासात विचारलं, सर, पण हे असं का? अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन दोघांत सारखे, मग चौथाच का बदलला? उत्तर मिळालं, "मार्क तक्त्याला आहेत, कारणाला नाहीत."

आता ती माझ्यामागे लागलीय आणि मी पडलो कॉमर्सवाला. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढला. साखरेतल्या एका ऑक्सिजनने आणि एका बेसने (अ‍ॅडेनिन, थायमिन वगैरे 'अक्षरांना' बेस म्हणतात म्हणे) एवढा काय फरक पडतो? सोपं करून सांगा, पण बालवाडीत सांगतात तसं नको, ती चिडते.

तिरकस · रात्री १०:०५

रुमाल टाकून जागा धरली आहे. भजी कोण आणतंय?

पिपेट पांडू · रात्री १०:४८

प्रवासीदादा, लेकीला सांगा प्रश्न एक नंबर आहे. एमएस्सी झालेल्या मुलांना मुलाखतीत विचारला तरी निम्मे गडबडतात.

आज फक्त साखरेचं सांगतो, बेसचं उद्या, कारण ते प्रकरण मोठं आहे.

दोन्ही साखरा पाच कार्बनच्या. फरक दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर. रायबोजमध्ये तिथे हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. डीऑक्सिरायबोजमध्ये नुसता हायड्रोजन. आता साखळीचा कणा बघा. साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट अशी रांग. फॉस्फेट एका साखरेच्या तिसऱ्या कार्बनला आणि पुढच्या साखरेच्या पाचव्या कार्बनला धरून असतो. म्हणजे दुसऱ्या कार्बनवरचा तो हायड्रॉक्सिल सांध्याच्या अगदी खेटून बसलाय.

जरा अल्कली मिळाली की हा हायड्रॉक्सिल आपला हायड्रोजन सोडतो, ऑक्सिजनवर ऋणभार येतो आणि तो थेट शेजारच्या फॉस्फरसवर चाल करतो. नवा बंध होतो, जुना सुटतो, साखळीचे दोन तुकडे. बाहेरून कुणी यावं लागत नाही, फितुरी घरातलीच. डीएनएत ती जागा रिकामी, त्यामुळे हल्ला करायला कुणी नाहीच. डीएनए सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घातला तर दोन पेड सुटे होतात, पण कणा शाबूत राहतो. जिवाणूतून प्लाझ्मिड (त्यातला छोटा, गोल डीएनए) काढायची आमची रोजची पद्धत याच भरवशावर चालते.

लॅबमध्ये हा फरक हाताला कळतो. डीएनएची नळी टेबलावर विसरून जेवून या, काही होत नाही. आरएनए काढायचा असेल त्या दिवशी टेबल पुसून घ्यायचं, हातमोजे सारखे बदलायचे, टिपांचा डबा वेगळा, पाणीसुद्धा डीईपीसी घालून रात्रभर ठेवलेलं आणि मग ऑटोक्लेव्ह केलेलं. कारण आरएनए तोडणारं एन्झाइम, आरएनएज, आपल्या घामात आणि कातडीवर असतं. त्यातला आरएनएज-ए हा प्रकार तर इतका चिवट, की उकळलं तरी गार झाल्यावर परत नीट घडी घालून कामाला लागतो. त्याच्या रेणूला चार डायसल्फाइड बंधांचे टाके आहेत. डीएनए तोडणाऱ्या बहुतेक एन्झाइमांना मॅग्नेशियम लागतं, धातू पकडून ठेवणारं ईडीटीए टाकलं की ती गप्प बसतात. आरएनएज-एला धातूची गरजच नाही.

पेठेतली पमा · रात्री ११:२०

मस्त समजलं. म्हणजे डीएनए हा तलाठ्याच्या दप्तरातला मूळ सातबारा आणि आरएनए ही आपल्याला मिळते ती नक्कल. नक्कल फाटली, भिजली तरी बिघडत नाही, दुसरी काढता येते. मूळ कागद मात्र जागचा हलवायचा नाही.

पिपेट पांडू · रात्री ११:३१

पमाताई, निरोप्या आरएनएपुरतं, म्हणजे डीएनएतला मजकूर प्रथिन बनवायच्या जागी नेणाऱ्या आरएनएपुरतं, अगदी चपखल. आणि नक्कल लवकर फाटणं ही सोय आहे, खोट नाही. जिवाणूत निरोप्या आरएनए बहुधा काही मिनिटांत मोडतो, आपल्या पेशीत काही तास टिकतो. प्रथिन नको झालं की पेशी नवा निरोप काढणं थांबवते आणि जुने आपोआप संपतात. निरोप वर्षभर टिकले असते तर इन्सुलिन बनवायचं थांबव म्हणून सांगायची सोयच राहिली नसती.

गंधकराज · रविवार, सकाळी ६:१५

सातबाऱ्याच्या नकलेवर कुणी शेत नांगरत नाही. आरएनए नांगरतो. म्हणून ती उपमा मला अपुरी वाटते.

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या विद्यार्थिदशेत 'आरएनए म्हणजे निरोप्या' एवढंच होतं. १९८२ साली थॉमस चेक यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात असा आरएनए दाखवला, जो स्वतःमधला नको असलेला तुकडा स्वतःच कापून टाकतो, प्रथिनाच्या मदतीशिवाय. सिडनी ऑल्टमन यांच्याकडेही तसंच, दुसऱ्या आरएनएबाबत. दोघांना १९८९ चं नोबेल. तोवर एन्झाइम म्हणजे प्रथिन हे समीकरण पाठ होतं, ते मोडलं.

त्याहून मोठी गोष्ट रायबोसोमची. पेशीतलं प्रत्येक प्रथिन जिथे विणलं जातं, तिथे दोन अमिनो आम्लांना जोडणारी नेमकी जागा आरएनएची आहे. आसपास प्रथिनं आहेत, पण त्या गाभ्यात नाहीत. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, शिक्षण बडोद्याला, तेही पदार्थविज्ञानात.

मुद्दा असा, की पांडूंनी ज्याला घरचा फितूर म्हटलं तोच हायड्रॉक्सिल आरएनएला हे कसब देतो. तो हायड्रोजन बंध देतो-घेतो, त्यामुळे एकेरी साखळीला स्वतःवर दुमडून गाठी, खोबणी, कप्पे करता येतात. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाला असली कलाकुसर करायला वाव कमी.

तिरकस · सकाळी ८:४०

काका सकाळी सव्वासहाला रायबोसोमवर लिहितात. आम्ही त्या वेळी कुशीवर वळत असतो.

पेठेतली पमा · सकाळी ९:०२

काका, उपमा मागे घेते. पण एक शंका. डीएनएला दोन पेड आणि आरएनएला एक, हेही त्या हायड्रॉक्सिलमुळेच का?

गंधकराज · सकाळी १०:३०

नाही. आरएनएही जोडीदार मिळाला की दुहेरी होतो. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसचा जीनोम, म्हणजे सगळा आनुवंशिक मजकूर, दुहेरी आरएनएचा आहे. उलट फाय-एक्स १७४ या जिवाणुभक्षक विषाणूचा जीनोम एकेरी डीएनएचा. तक्त्यातली तिसरी ओळ ही पेशीतल्या नेहमीच्या परिस्थितीची नोंद आहे, नियम नव्हे.

हायड्रॉक्सिलमुळे बदलतो तो सर्पिलाचा आकार. रोझलिंड फ्रँकलिन यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात दाखवलं होतं, की डीएनएच्या धाग्याभोवतीची हवा दमट केली की तो लांबतो आणि त्याचं क्ष-किरण चित्र पालटतं. कोरड्यातलं ते ए-रूप, दमटातलं बी-रूप. मे १९५२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉस्लिंग यांनी घेतलेलं ५१ क्रमांकाचं छायाचित्र बी-रूपाचं. त्यातल्या ठिपक्यांच्या फुलीवरून सर्पिल उघड दिसतं, आणि अंतरंही मोजता येतात: एका फेऱ्याला ३४ अँगस्ट्रॉम, दोन पायऱ्यांत ३.४. हे छायाचित्र फ्रँकलिन यांना न विचारता त्यांचे किंग्ज कॉलेजातले सहकारी विल्किन्स यांनी जानेवारी १९५३ मध्ये वॉटसनना दाखवलं. पुढे वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी सर्पिलाचं प्रारूप मांडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये तीन निबंध पाठोपाठ छापले गेले, त्यातला तिसरा फ्रँकलिन-गॉस्लिंग यांचा. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालेल्या १९६२ च्या नोबेलच्या आधी चार वर्षं त्या गेल्या होत्या, वय ३७.

तर, पेशीतला डीएनए बहुतांशी बी-रूपात राहतो. दुहेरी आरएनएला बी-रूप जमतच नाही, कारण तो जादाचा ऑक्सिजन साखरेला वेगळ्या मुद्रेत ढकलतो. आरएनए कायम ए-रूपात: बुटका, रुंद, फेऱ्याला साधारण ११ जोड्या.

अवांतर: १९७० च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन यांनी वेगळंच प्रारूप मांडलं होतं. दोन पेड एकमेकांभोवती न गुंडाळता शेजारी-शेजारी, थोडं उजवीकडे थोडं डावीकडे वळत जातात असं. साधारण त्याच सुमारास न्यूझीलंडमध्येही तशीच कल्पना निघाली. वेडगळ म्हणून कुणी हसण्यावारी नेली नाही. १९७९ मध्ये खुद्द क्रिक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'डीएनए खरोखर दुहेरी सर्पिल आहे का' अशा मथळ्याचा निबंध लिहून तिचा समाचार घेतला. लवकरच डीएनएच्या स्फटिकांनीही सर्पिलाच्याच बाजूने कौल दिला. आपल्याकडच्या माणसांनी पाठ्यपुस्तकाला भिडून पाहिलं होतं, हे मुलांना सांगायला हवं.

आडवाटेचा प्रवासी · दुपारी १२:१०

लेक शेजारी बसून वाचतेय. तिची शंका: गंधकराज आजोबांनी हायड्रोजन बंध म्हटलं. ए-टीमध्ये दोन आणि जी-सीमध्ये तीन बंध असतात, त्यामुळे शिडी टिकते असं पुस्तकात आहे. बरोबर ना?

पिपेट पांडू · दुपारी १:४५

बंधांची संख्या बरोबर. पण शिडी उभी राहण्याचं मोठं श्रेय पायऱ्या एकमेकींवर रचल्या जाण्याला आहे. बेस चपटे असतात, पाण्याला नाखूश, एकावर एक बसले की खूश. हायड्रोजन बंधांचं मुख्य काम योग्य जोडीदार ओळखणं. परीक्षेत पुस्तकातलंच लिही गं, मार्क घालवू नकोस.

आता थायमिन. कागद घे आणि थायमिन-युरॅसिल शेजारी-शेजारी काढ. फरक फक्त एका मिथाइल गटाचा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. जोडी जुळवताना या मिथाइलचं काहीच काम नाही. दोघंही अ‍ॅडेनिनशी सारखेच जुळतात. तरीही पेशी ते चिकटवायला ऊर्जा घालवते. आधी युरॅसिलवाला घटक बनवते, मग थायमिडिलेट सिंथेज हे एन्झाइम फोलेटकडून एक कार्बन उचलून त्याला लावतं. एवढी उस्तवार कशासाठी?

सायटोसिनसाठी. सायटोसिन पाण्यात स्वस्थ बसत नाही. अधूनमधून त्याचा अमिनो गट गळून पडतो आणि त्याचं होतं युरॅसिल. आपल्या प्रत्येक पेशीत हे दिवसाला शंभराहून जास्त वेळा घडतं असा अंदाज आहे. समजा डीएनएत कायदेशीर अक्षर म्हणून युरॅसिलच असतं. दुरुस्ती करणाऱ्याला एक युरॅसिल दिसलं. ते मूळचं की सायटोसिन बिघडून झालेलं? कळायला मार्ग नाही. पण कायदेशीर युरॅसिलांवर आधीच मिथाइलचा शिक्का असेल, म्हणजे थायमिन असेल, तर बिनशिक्क्याचं दिसेल ते हमखास चुकीचं. डोळे झाकून काढून टाका.

ते काढणारं एन्झाइम टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधलं, युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज. हे गृहस्थ आधी आरएनएवर काम करायचे. नमुने तापवले की मोडायचे, त्यावरून त्यांच्या डोक्यात आलं, मग डीएनए तरी म्हणतात तेवढा टिकाऊ आहे का? मोजून पाहिलं तर नाही. एका पेशीतले हजारो प्युरीन (म्हणजे अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन) दिवसाकाठी नुसते गळून पडतात. डीएनए टिकतो तो रेणू अभेद्य आहे म्हणून नव्हे, तर अखंड डागडुजी चालू असते म्हणून. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल, मॉड्रिच आणि सँकार यांच्यासोबत.

हे एन्झाइम चुकीचं युरॅसिल बाहेर वळवून छाटतं. तिथे खाच पडते, दुसरी एन्झाइमं कणा कापतात, समोरच्या पेडावर ग्वानिन आहे हे बघून पुन्हा सायटोसिन भरतात, लायगेज टाका घालतं. दोन पेड असण्याचा खरा फायदा हा: एक बिघडला तर दुसरा साक्षीला.

आणि आरएनए? तो काही तासांत जाणारच आहे. त्यावर मिथाइलचा खर्च कोण करतो.

तिरकस · दुपारी २:२०

थांबा. आजपर्यंत या विषयावर मला एवढंच माहीत होतं की 'सीआयडी'त डॉ. साळुंखे अहवाल आणतात. हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. पण मग आडवा प्रश्न: थायमिन आधी आलं की ते कापणारं एन्झाइम? कात्री आधी आली तर सगळाच डीएनए कापला जाईल. थायमिन आधी आलं तर कात्री नसताना त्याचा उपयोग काय?

पिपेट पांडू · दुपारी ३:०५

तिरकस, तू उगाच इंजिनिअर झालास.

नक्की क्रम सांगायला तेव्हा कुणी हजर नव्हतं. पण मधली अवस्था जगू शकते याचा जिवंत पुरावा आहे. पीबीएस-१ आणि पीबीएस-२ नावाचे जिवाणुभक्षक विषाणू आहेत, बॅसिलस सबटिलिसमध्ये वाढणारे. यांच्या डीएनएत थायमिनच्या जागी चक्क युरॅसिल. मग जिवाणूची कात्री त्यांना कापत कशी नाही? पीबीएस-२ आत शिरल्या शिरल्या एक छोटं प्रथिन बनवतो, युजीआय, जे त्या एन्झाइमच्या तोंडात बोळा कोंबतं.

हेच युजीआय आज जनुक-संपादनात वापरतात. २०१६ मध्ये डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेने बेस एडिटर बनवला: आरएनएचा वाटाड्या ठरलेल्या जागी नेतो, एक एन्झाइम तिथल्या सायटोसिनचं युरॅसिल करतं, आणि पेशीने ते लगेच दुरुस्त करू नये म्हणून सोबत युजीआय जोडलेलं. युरॅसिल थायमिन म्हणून वाचलं जातं, झालं अक्षर बदलून. असा अक्षरबदल केलेल्या पेशी २०२२ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाच्या एका तेरा वर्षांच्या मुलीला दिल्या गेल्या.

आणि तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीलाही अपवाद आहेच. ट्रान्सफर आरएनएच्या, म्हणजे रायबोसोमला अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएच्या, एका वळणात थायमिन असतं, बहुतेक सगळ्या जीवांत.

उत्खननप्रेमी · संध्याकाळी ६:३०

वाचतोय, आणि आमच्या प्रांतातली एक गोष्ट आज उलगडली.

प्राचीन डीएनएच्या निबंधांत 'टोकाला सी चा टी झालेला दिसतो, म्हणून नमुना अस्सल' असं वाक्य हमखास असतं. आजवर मी ते नुसतं वाचून पुढे जायचो. आता कळलं. माणूस मेला की दुरुस्ती थांबते, सायटोसिनचं युरॅसिल होत राहतं, काढायला कुणी नाही. वाचणारं यंत्र त्याला टी समजतं. तुकड्यांच्या टोकांना पेड सुटे असतात म्हणून तिथे हे जास्त. आणि खोदणाऱ्याच्या शिंकेतून आलेला ताजा डीएनए असेल तर ही खूण नसते. बरोबर का?

हरियाणातल्या राखीगढीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथली दफनभूमी खणली. साठाहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासले आणि कामापुरता डीएनए मिळाला फक्त एका स्त्रीचा. कानामागच्या कठीण हाडातून, तोही तुकड्या-तुकड्यांनी. निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल'मध्ये आला. त्या निष्कर्षांवरून इथे पूर्वी महायुद्ध झालंय, ते परत नको. पण उष्ण हवेत हजारो वर्षं पडलेल्या हाडातून एवढं मिळालं हेच नवल. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए सापडलाय, तिथे थंडी मदतीला होती.

पिपेट पांडू · संध्याकाळी ७:१०

शंभर टक्के बरोबर. काही प्रयोगशाळा तर वाचनाआधी नमुन्याला मुद्दाम तेच लिंडालवालं एन्झाइम लावतात, म्हणजे बिघडलेली अक्षरं निघून जातात. पण सगळीच काढली तर अस्सलपणाची खूणही जाते, म्हणून काही जण अर्धवट लावतात.

पेठेतली पमा · संध्याकाळी ७:४०

मग कोविडच्या एमआरएनए, म्हणजे निरोप्या आरएनएच्या, लसी एवढ्या थंड का ठेवायला लागायच्या हेही त्या हायड्रॉक्सिलमुळेच ना? आणि त्या लसीने आपला डीएनए बदलतो असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतंय.

पिपेट पांडू · रात्री ८:२५

थंडीचं बरंचसं कारण तेच. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. पुण्याच्या जिनोव्हाने आपली एमआरएनए लस वाळवून भुकटी केली, म्हणून ती साध्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत टिकते. पाणीच काढून घेतलं की मोडतोड मंदावते. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. याउलट झायडसची झायकोव्ह-डी ही डीएनएची लस होती.

आणखी एक अडचण होती. बाहेरून आलेला आरएनए दिसला की आपली प्रतिकारयंत्रणा बोंबाबोंब करते. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की आरएनएतल्या युरिडिनच्या (युरॅसिल अधिक रायबोज) जागी त्याचं जरा बदललेलं रूप, सूडोयुरिडिन, घातलं तर ती शांत राहते. म्हणजे इथेही कळीचा घटक युरॅसिलवालाच. २०२३ चं नोबेल.

डीएनए बदलण्याबद्दल: लसीतला आरएनए पेशीच्या केंद्रकात जात नाही, पेशीरसात प्रथिन बनवून मोडून जातो. आरएनएवरून डीएनए लिहायला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज लागतं, ते लसीत नसतं. सोसायटीला एवढं पुरे.

धागा-राखणदार · रात्री ८:५०

लस हवी-नको यावर आधीच स्वतंत्र धागे आहेत, चर्चा तिकडे न्यावी. त्यावरचे दोन प्रतिसाद इथून हलवले आहेत.

झाडीपट्टी · रात्री १०:१५

पांडूभाऊ, एक विचारतो. मी इकडे गडचिरोलीकडे पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे. सिकलसेलचे नमुने रोजचेच. सोल्युबिलिटी टेस्ट लावली की नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात, द्रावण गढूळ होतं. वाहक असला तरी होतं, पीडित असला तरी होतं, म्हणून मग दोघं वेगळे ओळखायला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या पुढच्या चाचण्या. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीचं जीटीजी झालंय, एका ए चा टी, बस्स. मग एवढी चोख दुरुस्ती यंत्रणा आहे तर ती हा टी काहून पकडत नाही?

पिपेट पांडू · रात्री १०:५५

झाडीपट्टीभाऊ, हा धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न.

दुरुस्तीवाल्याला अर्थ कळत नाही, फक्त विसंगती कळते. युरॅसिल दिसलं, जोडी जुळत नाही, सर्पिल फुगलंय, असं काही असलं तरच तो थांबतो. पूर्वी कधीतरी कुणाच्या तरी पेशीत चूक झाली आणि दुरुस्तीआधीच डीएनएची नक्कल निघाली. त्यानंतर या पेडावर टी आणि समोर ए, दोन्ही कायदेशीर अक्षरं, जोडी अचूक. साक्षीदारच फिरला. तिथून पुढे आईबापांकडून मुलाला ते 'बरोबर' अक्षर म्हणूनच मिळतं. निरोप्या आरएनएवर जीयूजी जातं, रायबोसोम ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन जोडतो, कसलीही तक्रार न करता. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

असंच एक अवघड प्रकरण मिथाइल लागलेल्या सायटोसिनचं. आपल्या डीएनएत काही सायटोसिनांवर पेशी स्वतःच मिथाइल लावते, जनुकं बंद ठेवायला. त्याचा अमिनो गट गळला तर युरॅसिल नाही, थेट थायमिनच तयार होतं. युरॅसिल ओळखायची युक्ती तिथे फसते. टी समोर जी दिसतो म्हणून काही वेळा पकडलं जातं, काही वेळा सुटतं. त्यामुळे मानवी जीनोममध्ये सी नंतर जी अशा जोड्या अपेक्षेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच उरल्यात.

गंधकराज · सोमवार, सकाळी ६:०५

झाडीपट्टी, तुमच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात ना? ते ज्या एन्झाइमला अडवतं त्याचं नाव रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. रायबोजमधला तोच ऑक्सिजन काढून डीऑक्सिरायबोज बनवणारं. म्हणजे पेशी डीएनएचे घटक थेट बनवत नाही. आधी आरएनएचे बनवते, मग त्यातला ऑक्सिजन काढते, मग युरॅसिलवर मिथाइल लावते. दोन्ही वेळा आरएनए आधी. पृथ्वीवर आधी आरएनएचं राज्य होतं आणि डीएनए मागून आला, असं मानणारे या क्रमाकडेही बोट दाखवतात. मला ते पटतं, निर्विवाद मात्र म्हणता येणार नाही.

सिकलसेलमध्ये या औषधाचा उपयोग गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी होतो, आणि ते विळे होऊ देत नाही. कर्करोगातलं फाइव्ह-एफयू दुसऱ्या टप्प्यावर, मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमवर बसतं. मेथोट्रेक्सेट त्याचा फोलेटचा पुरवठा तोडतं. गरोदर बायांना फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात, त्याच्यामागेही हाच पुरवठा आहे. भराभर वाढणाऱ्या पेशींना थायमिन कमी पडलं की सगळं अडतं.

झाडीपट्टी · सकाळी ७:३०

हायड्रॉक्सियुरिया रोज पाहतो काका, आज समजलं. धन्यवाद.

आडवाटेचा प्रवासी · रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने तक्त्याला 'कारण' असा चौथा रकाना जोडलाय. आता तिला डीएनए डोळ्यांनी बघायचाय. कांद्यातून घरी काढता येतो म्हणे, खरं का?

पिपेट पांडू · रात्री ९:००

येतो. कांदा बारीक चिरा. अर्धा ग्लास पाण्यात चमचाभर मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड, हलक्या हाताने ढवळा, फेस नको. त्यात कांदा घालून वाटी गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हात पोळेल इतपत गरम, उकळतं नाही. मग बर्फात गार करा, मिक्सरमध्ये अगदी काही सेकंद फिरवा, गाळा. पेल्यात थोडं घेऊन कडेने फ्रीजरमधलं गार आयसोप्रोपिल अल्कोहोल हळूच ओता, मेडिकलमध्ये मिळतं. दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू वर येतील, काडीला गुंडाळता येतात. साबण पेशीची आवरणं फोडतो, मीठ फॉस्फेटांचे ऋणभार झाकतं, अल्कोहोलमध्ये मग रेणू विरघळून राहू शकत नाहीत.

मात्र त्या कापसात सगळा डीएनए नसतो. आरएनएही येतो, थोडी प्रथिनंही.

आडवाटेचा प्रवासी · रात्री ९:२०

ती विचारतेय, मग त्यातला आरएनए वेगळा कसा करायचा?

गंधकराज · रात्री ९:५५

तिच्या हातात उत्तर आहे. अल्कली. १९४५ साली श्मिट आणि थानहाउझर यांनी याच कामासाठी पद्धत बसवली: मिश्रण अल्कलीत ठेवायचं, आरएनएचे सुटे घटक होऊन जातात, डीएनए लांबच राहतो, मग आम्ल घातलं की डीएनए खाली बसतो आणि आरएनएचे तुकडे वर द्रावणात उरतात. सोडियम हायड्रॉक्साइड घरी मात्र आणू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये, मॅडमना विचारून, डोळ्यांना गॉगल लावून. ३७ अंशांवर रात्रभर ठेवावं लागेल, तेव्हा दोन दिवसांची सोय बघूनच सुरू करा.

तिरकस · रात्री १०:१०

कांदा वाया जाणार असेल तर भजीचं पीठ मी आणतो.